शाळेत पॉझिटिव्ह, लॅबमध्ये निगेटिव्ह : सिकलसेलच्या कोणत्या तपासणीवर किती विसंबायचं?

भंडारा जिल्ह्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. बहीण २३ वर्षांची. ती नववीत असताना शाळेत आरोग्य पथक आलं होतं, तेव्हा सिकलसेलची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. पक्क्या तपासणीसाठी तालुक्याला बोलावलं होतं, पण धानाच्या कापणीचे दिवस होते, जाणं राहून गेलं. आता लग्न जुळतंय म्हणून खासगी लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं, तर रिपोर्टवर 'सिकलिंग : निगेटिव्ह' आलं. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ६.८. मुलाकडच्यांनीही स्वतःहून मुलाची तपासणी करून पाठवली आहे : 'सोल्युबिलिटी निगेटिव्ह', आणि सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा कागद. भाऊ विचारतो, "दोनपैकी खरा रिपोर्ट कोणता? आणि मुलगा निगेटिव्ह आहे म्हणजे आता काळजी नाही ना?"

भाऊ, विदर्भातल्या लॅबमध्ये माझी पंचवीसेक वर्षं सिकलसेलच्या नळ्या बघण्यात गेली, त्या भरवशावर आधी माझा अंदाज सांगतो. बहिणीचा शाळेतला रिपोर्ट खरा असण्याची शक्यता जास्त आहे. आणि मुलाचा जो सीबीसीचा कागद तुम्ही 'सोबत आला' म्हणून जोडून दिलात, तोच मला जास्त खटकतोय. त्याच्याकडे येतो, पण त्याआधी ह्या तपासण्यांमध्ये नेमकं होतं काय ते कळायला हवं, नाहीतर माझा शब्द हा तिसरा रिपोर्ट होऊन बसेल.

शाळांमध्ये आणि शिबिरांत होते ती सोल्युबिलिटी. काही लॅबवाले तिलाच डीटीटी म्हणतात. एका नळीत २ मिली रिएजंट, त्यात २० मायक्रोलिटर रक्त. रिएजंटमधलं सॅपोनिन लाल पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं, आणि त्या तीव्र फॉस्फेटच्या द्रावणात ऑक्सिजन गमावलेलं सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे एचबी एस, विरघळेनासं होतं. द्रावण गढूळ होतं. नळीमागे काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद धरायचा. पाच मिनिटांनी रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. बस्स, एवढंच.

म्हणजे ही तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते : ह्या नळीत गढूळपणा यावा इतकं एचबी एस आहे का? माणूस वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला) आहे की रुग्ण (दोष दोघांकडून आलेला), आपल्या भाषेत एएस पॅटर्न की एसएस पॅटर्न, हे ती सांगत नाही. थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा दुसरा आनुवंशिक दोष, त्याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. आणि 'इतकं' ह्या शब्दात सगळी मेख आहे.

तुमच्या बहिणीचाच हिशोब करू. धडधाकट वाहक मुलगी, हिमोग्लोबिन १२, त्यातलं ४० टक्के एचबी एस. म्हणजे दर १०० मिलीलिटर रक्तात ४.८ ग्रॅम. तीच मुलगी हिमोग्लोबिन ६.८ वर आली तर? लोह कमी झालं की वाहकातलं एचबी एसचं प्रमाणही थोडं उतरतं, म्हणून ३५ टक्के धरू. ६.८ चे ३५ टक्के म्हणजे २.४ ग्रॅम. नळीत रक्ताचा थेंब तेवढाच पडतो, पण त्यातला एचबी एस निम्म्यावर आलेला असतो. द्रावण जरासं धुरकट होतं, रेघा फिक्या का होईना दिसतात, आणि घाईत असलेला टेक्निशियन निगेटिव्ह लिहितो. म्हणून हिमोग्लोबिन ७ च्या आसपास किंवा खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यायचं, किंवा त्याहून बरं म्हणजे नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेल्या पेशींमधून १० मायक्रोलिटर घ्यायचं, ही लॅबची साधी शिस्त आहे. ती पाळली जात नाही असं मी म्हणत नाही. पण हिमोग्लोबिन एका टेबलावर मोजलं जातं आणि सोल्युबिलिटी दुसऱ्या टेबलावर होते, हे मी कैक ठिकाणी पाहिलंय. दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला ६.८ हा आकडा माहीतच नसतो.

ह्याच हिशोबाची दुसरी बाजूही बघा. शाळेतल्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून बहीण वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्यामुळे ६.८ बघून 'एसएस तर नाही ना?' अशी शंका यायलाच हवी. एसएस असती तर ६.८ मधलं ७५-८० टक्के एचबी एस असतं, म्हणजे पाच ग्रॅमच्या वर, आणि नळी बहुतेक गढूळ झालीच असती. त्यामुळे माझा कल एएसकडे आहे. पण हा कल आहे, निदान नव्हे. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन, एचबी एफ, मोठेपणीही बरंच शिल्लक राहतं, २० टक्क्यांच्या आसपाससुद्धा. ते आजार सौम्य ठेवतं. पंचविशीपर्यंत अंगदुखीच्या गोळ्यांवर भागवलेले एसएस पॅटर्नवाले मी पाहिले आहेत, त्यामुळे 'एवढी वर्षं काही झालं नाही म्हणजे नसेलच' ह्या वाक्यावर मी कधीच विसंबत नाही.

आता त्या 'सिकलिंग : निगेटिव्ह' ह्या दोन शब्दांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. तपासणी कोणत्या पद्धतीने केली हे त्यात कुठेच नाही. कुणी सोल्युबिलिटीला सिकलिंग म्हणतं, कुणी स्लाइडच्या तपासणीला. स्लाइडची पद्धत वेगळी : रक्ताच्या थेंबात २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण मिसळायचं, वर कव्हरस्लिप ठेवायची, कडा व्हॅसलीन किंवा मेणाने बंद करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विळ्यासारख्या वाकतात का हे बघत बसायचं. एसएसच्या पेशी लवकर वाकतात. एएसच्या पेशींना वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासाने बघायचं आणि काही दिसलं नाही तर काही तास थांबून पुन्हा बघायचं. मेटाबायसल्फाइट त्याच दिवशी बनवलेलं हवं. संध्याकाळी लॅब बंद करायच्या वेळी लावलेली स्लाइड पंधरा मिनिटांत बघून 'नाही' म्हटलं, किंवा कडेचं व्हॅसलीन एका जागी सुटलं आणि हवा आत गेली, की वाहक हमखास निसटतो. उलटही घडतं. द्रावण जास्त तीव्र झालं की पेशी आकसून काटेरी दिसायला लागतात, आणि नवख्या डोळ्याला त्याच विळे वाटतात. हातात कौशल्य आणि अंगात चिकाटी असणाऱ्यांची ही तपासणी आहे. घाईच्या लॅबने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोल्युबिलिटीच्या खोट्या निगेटिव्हची आणखी कारणं सांगायला हवीत, कारण बहुतेक वेळा दोष रोग्याच्या रक्तात नसतोच. डायथायोनाइट हे फार हळवं रसायन. ओल लागली की गुठळ्या धरतं आणि मरतं. एकदा पावसाळ्यात आम्ही एका आश्रमशाळेत साठेक मुलांच्या नळ्या लावल्या. एकही पॉझिटिव्ह नाही. त्या भागात हे अशक्यच. मी कंट्रोलची नळी उचलून पाहिली, तर माहीत असलेल्या वाहकाचं रक्त असूनही मागच्या रेघा ढळढळीत दिसत होत्या. डब्याचं झाकण आदल्या शिबिरात सैल राहिलं होतं. सगळ्या नळ्या ओतून दिल्या, नवा डबा फोडला, आणि दुपारी त्याच मुलांपैकी अकरा जण पॉझिटिव्ह निघाले. त्या दिवशी कंट्रोल लावला नसता तर अकरा घरांत 'तुमच्या लेकराला काही नाही' हा निरोप गेला असता.

कंट्रोलवरून आठवलं. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एसएस रुग्णाचं रक्त वापरणाऱ्या लॅब आहेत. चुकीचं आहे. रिएजंट अर्धमेलं असलं तरी एसएसचं रक्त त्याला गढूळ करून दाखवतं, आणि आपली समजूत होते की सगळं ठीक आहे. कंट्रोल वाहकाचाच हवा, कारण आपल्याला वाहक पकडायचे असतात. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे फ्रिजमधून काढलेलं रिएजंट लगेच वापरलं तर एचबी एस नीट बाहेर पडत नाही. थंडीत ते विरघळूनच राहतं. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं, पण शिबिरात रांग दारापर्यंत आली की कोण थांबतं!

खोटे पॉझिटिव्ह त्या मानाने कमी. रक्तात चरबी फार असेल, काही आजारांत प्रथिनं वाढलेली असतील किंवा लाल पेशीच फार असतील, तर नळी उगाच धुरकट होते. पेशी सलाइनने धुऊन पुन्हा तपासणी केली की बहुतेक वेळा खरं काय ते कळतं. नववीतल्या मुलीत ह्यातलं काही असण्याचा संभव कमी, म्हणूनही मी तिच्या शाळेतल्या रिपोर्टच्या बाजूने आहे.

मात्र त्या रिपोर्टला एक धोका आहे, आणि तो रसायनशास्त्राचा नाही. आमच्याकडे एका वर्गात मडावी, आत्राम, कुमरे ह्या आडनावांची आठ-आठ, दहा-दहा मुलं असतात. एकाच नावाच्या दोन मुली, आडनाव तेच, आणि बापाचं नाव नळीवर कुणी लिहिलेलं नाही. माझ्या हातून गेलेल्या चुकीच्या रिपोर्टांचा मी कधीतरी प्रामाणिकपणे हिशोब केला, तेव्हा रसायनाने फसवल्यापेक्षा नावाच्या चिठ्ठीने फसवल्याच्या घटना जास्त निघाल्या. म्हणून पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, आयुष्याचा निर्णय ज्याच्यावर टेकवायचा तो रिपोर्ट नव्याने, स्वतःसमोर नळीवर नाव लिहून घेतलेल्या रक्ताचा हवा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण अनेक जण विचारतात : 'ही तपासणी किती टक्के खरी?' ह्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एक हिशोब मांडतो, आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा तपासणी १०० वाहकांपैकी ९७ पकडते आणि १०० निरोग्यांपैकी ९९ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगते. गडचिरोलीतलं किंवा नंदुरबारच्या सातपुड्यातलं एखादं गाव घ्या, जिथे दर शंभरात वीस वाहक आहेत. हजार जण तपासले तर २०० वाहकांपैकी १९४ सापडतील, ६ निसटतील, आणि ८०० निरोग्यांपैकी ८ उगाच पॉझिटिव्ह येतील. पॉझिटिव्ह आलेल्या २०२ पैकी १९४ खरे. आता तीच तपासणी, तोच टेक्निशियन, पण दर शंभरात एकच वाहक असलेली वस्ती. दहा वाहकांपैकी जवळपास दहाही सापडतील, पण ९९० निरोग्यांपैकी दहाएक खोटे पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्मेच खरे! पहिल्या गावात मात्र काळजी निगेटिव्हची. तिथे निगेटिव्हचा कागद खिशात घालून फिरणाऱ्या साधारण १३० जणांत एक जण प्रत्यक्षात वाहक असतो. तुम्ही भंडाऱ्याचे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल गोंड, माडिया अशा आदिवासी समाजांत तर आहेच, पण बौद्ध, कुणबी, तेली घरांतही आहे. 'आमच्या जातीत नसतो' असं म्हणून निगेटिव्ह रिपोर्टला जोड देऊ नका.

म्हणून सोल्युबिलिटी ही चाळणी आहे आणि ती चाळणी म्हणून चांगली आहे. स्वस्त, वीज लागत नाही, आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर होते. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं, हे त्याचं लक्ष्य. एवढ्या माणसांसाठी पहिल्या पायरीला असंच काहीतरी लागतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा चाळणीतून गळालेलं धान्य लोक दळायला नेतात.

नव्या पट्टी-किटबद्दल दोन शब्द. बोटातून रक्ताचा थेंब, दहा-पंधरा मिनिटं, आणि गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या रेघा. ही किटं ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, आणि एस वेगवेगळे ओळखतात, त्यामुळे एएस आणि एसएस ह्यातला फरक तिथल्या तिथे दिसतो. सोल्युबिलिटीपेक्षा हे मोठं पाऊल आहे. पण दोन प्रकार बाजारात आहेत : एकात रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे, दुसऱ्यात रेघ उमटली नाही म्हणजे ते आहे. एका किटची सवय लागलेल्या आशाताईंच्या हातात दुसरं किट दिलं आणि तक्ता दिला नाही, तर काय गोंधळ होईल ते तुम्हीच बघा. आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक ही पट्टीसुद्धा ओळखत नाही.

आता पक्क्या तपासणीकडे. जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या लॅबमध्ये एचपीएलसी होते. रक्त एका स्तंभातून जातं, प्रत्येक हिमोग्लोबिन ठरावीक वेळेला बाहेर पडतं, यंत्र आलेख काढतं आणि टक्केवारी देतं. एका नमुन्याला साधारण साडेसहा मिनिटं. ह्यात एचबी ए, एस, एफ, ए२ सगळे आकडे मिळतात. ए२ हा प्रत्येकाच्या रक्तातला हिमोग्लोबिनचा छोटासा भाग, तो बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात वाढतो. जुनी इलेक्ट्रोफोरेसिस अजून अनेक ठिकाणी चालते, तीही चांगली, पण नेहमीच्या अल्कली पट्टीवर एचबी डी, म्हणजे आणखी एक वेगळं हिमोग्लोबिन, आणि एचबी एस एकाच जागी थांबतात. पंजाब-उत्तर भारताकडच्या कुटुंबात एचबी डी सापडतं. एका घरात मुलगा एसएस, आई एएस आणि बापाची पट्टीही एएससारखी, पण बापाची सोल्युबिलिटी मात्र स्वच्छ निगेटिव्ह, असं कोडं माझ्यासमोर आलं होतं. बापाचा तो पट्टा एस नव्हताच, डी होता, आणि मुलगा एसएस नसून एस-डी. इथे 'कमी दर्जाची' म्हटल्या जाणाऱ्या सोल्युबिलिटीनेच इलेक्ट्रोफोरेसिसची चूक पकडली. दोन वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तपासण्या जुळल्या की मगच सही करावी, हे तेव्हापासून मी पाळतो.

एचपीएलसीचा कागद आला म्हणजे संपलं असंही नाही. यंत्र आकडे देतं, अर्थ माणूस लावतो, आणि इथे होणाऱ्या चुका जास्त महागात पडतात. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे वाहकाच्या रिपोर्टवर ए२ चार टक्के दिसलं की 'सिकल-थॅलेसेमिया' असा शेरा. एचबी एस असलेल्या रक्तात एसचाच थोडा बदललेला भाग ए२च्या जागी येऊन बसतो आणि ए२ खोटं वाढलेलं दिसतं. बघायचं असतं ते ए आणि एस ह्यांत जास्त कोण. ए जास्त आणि एस ३०-४० टक्के, तर साधा वाहक. एस जास्त आणि ए थोडंच, तर सिकल-थॅलेसेमियाचा विचार. ह्या एका शेऱ्यावरून निरोगी वाहक मुलींची लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत.

दुसरी चूक रक्त चढवल्याची. एसएस मुलाला तीन आठवड्यांपूर्वी दोन बाटल्या चढवल्या, आज एचपीएलसी केली, ए ६० टक्के आणि एस ३०. कागद अगदी वाहकासारखा. खरं तर ते ए दात्याचं आहे. रक्त चढवल्यावर निदान तीन महिने, शक्यतो चार, थांबून तपासायचं, किंवा थांबणं शक्य नसेल तर आईबापांचं रक्त तपासायचं आणि गरज पडल्यास डीएनए तपासणी करायची. हा प्रश्न फॉर्मवर छापलेला असतो, पण विचारला क्वचितच जातो. तुमच्या बहिणीला गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चढवलं असेल तर आधी ते सांगा.

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. जन्मावेळी बाळाच्या रक्तात बहुतांश एचबी एफ असतं, एस असलं तरी थोडं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी करणं म्हणजे नळी वाया घालवणं. निगेटिव्ह आली तर तिचा अर्थच नाही. टाचेतून कागदावर टिपलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवरून एचपीएलसी करतात, आणि पुढे पुन्हा तपासून पक्कं करतात. तुमच्या घरात पुढे पाळणा हलेल तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

आता मुलाचा तो कागद. सोल्युबिलिटी निगेटिव्ह, हिमोग्लोबिन १२.९. भूल पडावी असाच कागद आहे. पण खाली वाचा : एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ६३, लाल पेशींची संख्या ६२ लाख. पेशी खूप लहान आणि संख्येने खूप जास्त. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात, पण तेव्हा त्यांची संख्या सहसा घटते. आम्ही एक साधा भागाकार करतो : एमसीव्हीला पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षातल्या आकड्याने, भागायचं. ६३ भागिले ६.२, आले १०.२. उत्तर १३ पेक्षा कमी आलं की थॅलेसेमियाच्या वाहकाचा संशय घ्यायचा. हा भागाकार निदान करत नाही, बोट दाखवतो, आणि इथे तो चांगलाच जोरात दाखवतोय.

ह्याचा अर्थ नीट समजून घ्या, घाबरू नका. बहीण एएस असेल आणि मुलगा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की बाळाला एकीकडून एस आणि दुसरीकडून थॅलेसेमिया मिळेल. असं बाळ सिकलसेलचाच रुग्ण असतं. थॅलेसेमियाचा प्रकार कडक असेल तर आजार एसएसइतकाच त्रासदायक. मुलाला सिकलसेल नाही हे खरंच आहे, त्याच्या लॅबने खोटं काही लिहिलेलं नाही. दोन्ही घरांनी त्या कागदातून वाचलं मात्र 'मुलांना धोका नाही', आणि हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. थॅलेसेमिया सिंधी-लोहाणांतच असतो हाही असाच एक समज. प्रमाण तिथे जास्त आहे, पण देशभरात सरासरी शंभरात तीन-चार वाहक सगळ्या समाजांत मिळून आहेत.

दुसरीही शक्यता आहे, आणि ती बिनधोक आहे. अल्फा थॅलेसेमियाच्या वाहकाचा सीबीसी अगदी असाच दिसतो, आणि आपल्याकडच्या आदिवासी समाजांत तो पुष्कळ आढळतो. सिकलसेलच्या वाहकाशी त्याची गाठ पडली तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. बीटा की अल्फा, हे मुलाच्या एचपीएलसीतलं ए२ सांगेल. मुलाच्या रक्तात एस नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत ए२चा आकडा विश्वासाचा. ४ च्या वर गेला तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक. साडेतीन ते चारच्या मध्ये अडकला तर लोह तपासायचं, लोह कमी असेल तर ते भरून काढून पुन्हा बघायचं, कारण लोह कमी असलं की ए२ थोडं खाली दाबलं जातं. लोह ठीक आणि ए२ही साधं, तर बहुधा अल्फा. त्याची खात्री डीएनए तपासणीने होते.

तेव्हा दोघांचीही एचपीएलसी, शक्यतो एकाच लॅबमध्ये, सीबीसीसकट. उपाशीपोटी यायची गरज नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त द्यायचं, नळीवर पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि वय तुमच्यासमोर लिहून घ्यायचं. रक्त गाडीच्या डिकीत घालून मे महिन्याच्या उन्हात नागपूरला पाठवू नका. बर्फाच्या पिशवीत पाठवा, पण नळी थेट बर्फाला टेकू देऊ नका, गोठली की पेशी फुटतात. रिपोर्ट हातात आला की खालचा शेरा वाचण्याआधी ए, एस, एफ, ए२ हे चार आकडे बघा, आणि नुसता शेरा असलेला, आकडे नसलेला कागद परत करा. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळेल.

दोघांचंही वाहक असणं पक्कं झालं तरी 'लग्न मोडा' असं मी म्हणणार नाही, ते माझं कामही नाही. समुपदेशकाकडे दोघांनी एकत्र बसावं. आईबापांतला नेमका दोष आधी डीएनए तपासणीने नोंदवून ठेवला, तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा छोटा तुकडा घेऊन बाळाचं निदान करता येतं. ही तयारी लग्नाआधी झाली तर सोपी जाते. दिवस गेल्यावर धावपळ सुरू केली की आठवडे हातातून निसटतात.

राहिला बहिणीचा ६.८. एचपीएलसीत ती साधी वाहक निघाली, तर ह्या आकड्याचा दोष सिकलसेलला देता येणार नाही. वाहकाचं हिमोग्लोबिन सिकलसेलमुळे इतकं उतरत नाही. कारण दुसरं शोधायचं : लोह, पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. आणि एसएस किंवा सिकल-थॅलेसेमिया निघाली, तर तिचे उपचार लग्नाच्या चर्चेसाठी थांबवून ठेवू नका. दोन्हीपैकी काहीही असो, ६.८ घेऊन ह्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. त्यांनी रक्त चढवायचं ठरवलं तर चढवू द्या, पण पहिली बाटली लावण्याआधी जांभळ्या टोपणाची एक नळी भरून, नाव-तारीख-वेळ लिहून बाजूला ठेवायला सांगा. बाटली लागली की पुढचे चार महिने तिच्या रक्ताचा खरा पॅटर्न एचपीएलसीत दिसणार नाही, आणि तुम्ही लग्नाची तारीख तर दिवाळीनंतरची लिहिली आहे.